हर्फ, अक्षर आणि रिकामा रकाना

उन्हाळी सुट्टी जवळ आली की पालक एक प्रश्न हमखास विचारतात : "बाई, मुलाला कोडिंगच्या क्लासला घालू का?" २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीच्या टप्प्यापासून कोडिंगची ओळख करून द्यावी असे म्हटले आहे. त्यामुळे हा प्रश्न आता पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नाही, तो गारगोटीसारख्या तालुक्याच्या गावातही आला आहे. प्रश्नामागची काळजी खरी असते. घरात लॅपटॉप नाही, फी झेपत नाही, शाळा उर्दू किंवा मराठी माध्यमाची, इंग्रजी बेताचे. मग आपली मुले मागे पडणार का?

मी उर्दू आणि मराठी शिकवते. तेवढ्या शिदोरीवर एक गोष्ट ठामपणे सांगता येते. प्रोग्राम लिहिण्याचे काम संगणकासमोर बसण्याआधी सुरू होते आणि त्याचा पहिला भाग भाषेचा असतो. काय घडायला हवे ते एकही फट न ठेवता लिहून काढणे, याला त्या क्षेत्रात 'स्पेसिफिकेशन' म्हणतात. आपण त्याला 'कामाचा मसुदा' म्हणू. एखादी वस्तू किती अवस्थांत असू शकते आणि कोणत्या घटनेने ती एका अवस्थेतून दुसरीत जाते, याचा तक्ता मांडणे म्हणजे 'फायनाइट स्टेट मॉडेल', अर्थात मोजक्या अवस्थांचा नमुना. या दोन्ही गोष्टी वही-पेन्सिलीने शिकता येतात. ज्या मुलांना दोन लिप्या येतात, त्यांच्याकडे तर त्यासाठी लागणारे साहित्य आधीपासूनच आहे.

अवस्था म्हणजे काय?

आपल्या शेजारच्या तालुक्यातले राधानगरी धरण घ्या. राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोचले की कोणी कळ न दाबता ते उघडतात. एका दरवाजाच्या अवस्था दोनच : बंद आणि उघडा. पातळी चढली ही एक घटना, उतरली ही दुसरी. दोन अवस्था, दोन घटना, चार रकाने. दरवाजा बंद असताना पातळी चढली तर उघड. बंद असताना पातळी उतरली तर बंदच राहा. उघडा असताना चढली तर उघडाच राहा. उघडा असताना उतरली तर बंद हो. चारही रकाने भरले की नमुना पूर्ण झाला.

आता कोल्हापूरचा राजाराम बंधारा. २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी पाहिले, त्यांना दोन आकडे पाठ आहेत : ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. म्हणजे नदीच्या तीन अवस्था झाल्या : नेहमीची, इशाऱ्याची आणि धोक्याची. पण हाच नमुना यंत्रासाठी लिहायला बसलात की प्रश्न सुरू होतात. पाणी बरोबर ३९ फुटांवर असेल तर इशारा द्यायचा की ३९ ओलांडल्यावर? पाणी ३९ च्या आसपास वर-खाली होत राहिले तर दर वेळी भोंगा वाजवायचा का? माणूस हे प्रश्न प्रसंग पाहून सोडवतो. यंत्राला मात्र आधी सांगून ठेवावे लागते.

भाषेची फट

ही सांगून ठेवण्याची कला भाषेच्या तासाला शिकता येते. "सोमवारपर्यंत फी भरा" या वाक्यात सोमवार धरायचा की नाही? "तीस मुलांवर दोन तुकड्या" म्हणजे तिसाव्या मुलाला की एकतिसाव्या? रोजच्या बोलण्यात हे खपून जाते, मसुद्यात खपत नाही.

आपल्या घरांत दखनी, उर्दू आणि मराठी अशा भाषा एकाच वेळी नांदतात. त्यामुळे फट कुठे आहे हे आपल्या मुलांना लवकर दिसते. उर्दूत 'कल' म्हणजे काल आणि उद्याही. क्रियापद आल्यावरच उलगडा होतो. मराठीत दोन वेगळे शब्द आहेत. उर्दूत 'हम जाएँगे' म्हटले तर ऐकणारा त्यात आहे की नाही हे कळत नाही. मराठीत 'आपण जाऊ' आणि 'आम्ही जाऊ' यांत तो फरक स्पष्ट होतो. मुलांना एक वाक्य उर्दूतून मराठीत आणायला सांगा आणि विचारा, "मराठीत आणताना तुला कोणता निर्णय घ्यावा लागला?" तो निर्णय म्हणजेच मसुद्यातली फट. कोणतीही भाषा यात कमी-जास्त नाही. फक्त यंत्रासाठी लिहिताना दोन्हींतला अधिक नेमका पर्याय उचलायचा असतो.

उर्दूचे हर्फ : कोण हात देतो, कोण देत नाही

उर्दू लिहायला शिकणाऱ्या मुलाला पहिली अडचण येते ती हर्फ जोडण्याची. एकच बे चार रूपांत दिसते : एकटी, शब्दाच्या सुरुवातीची, मधली आणि शेवटची. मुले प्रत्येक हर्फाची ही रूपे पाठ करत बसतात. त्याऐवजी अवस्थांचा नमुना पाहू.

उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. प्रत्येक हर्फ उजव्या बाजूने मागच्याचा हात धरू शकतो. पण नऊ हर्फ असे आहेत की ते डाव्या बाजूने पुढच्याला हात देत नाहीत : अलिफ, दाल, डाल, ज़ाल, रे, ड़े, ज़े, झे आणि वाव. (बडी ये शब्दखंडाच्या शेवटीच येते, म्हणून तिचा प्रश्न येत नाही.) म्हणजे लिहिताना कातिबाच्या मनात अवस्था दोनच असतात : 'मागून हात मिळालेला आहे' आणि 'मागून हात मिळालेला नाही'. नवा हर्फ आला की दोन गोष्टी पाहायच्या. सध्याची अवस्था कोणती? आणि हा हर्फ पुढे हात देणार का, म्हणजे तो त्या नवांपैकी नाही ना आणि पुढे दुसरा हर्फ आहे ना? मागून हात नाही आणि पुढे देतो तर सुरुवातीचे रूप. मागून आहे आणि पुढेही देतो तर मधले. मागून आहे, पुढे देत नाही तर शेवटचे. दोन्हीकडे नाही तर एकटे.

'किताब' घ्या : काफ, ते, अलिफ, बे. काफ सुरुवातीचे, ते मधले, अलिफ शेवटचे. अलिफने हात दिला नाही म्हणून शब्दाच्या शेवटी असूनही बे एकटी. 'मदरसा'त मीम सुरुवातीचे, दाल शेवटचे, रे एकटे, सीन पुन्हा सुरुवातीचे आणि हे शेवटचे. 'दरवाज़ा' तर गमतीचा शब्द : दाल, रे, वाव, अलिफ, ज़े, हे. पहिल्या पाचांपैकी कोणीच हात देत नाही, म्हणून सहाही हर्फ सुटे. मुलांना मैदानात एका रांगेत उभे करून, प्रत्येकाला एक हर्फ देऊन हे करून पाहा. नऊ हर्फांच्या मुलांनी पुढच्या बाजूचा हात खिशात ठेवायचा. दहा मिनिटांत नियम अंगात उतरतो.

संगणकात उर्दू दाखवणारे सॉफ्टवेअर हेच करते. युनिकोडमध्ये बे एकच साठवलेली असते. तिचे कोणते रूप दाखवायचे ते अवस्थेवरून ठरते. अशा नमुन्यांचा पद्धतशीर अभ्यास जॉर्ज मीली यांनी १९५५ मध्ये आणि एडवर्ड मूर यांनी १९५६ मध्ये मांडला. अवस्था आणि आलेले चिन्ह या दोन्हींवरून उत्तर ठरणाऱ्या यंत्राला आजही मीलीचे नाव आहे.

नस्तालीकची गोष्ट याहून अवघड, कारण त्यात जोड तिरका उतरतो आणि हर्फांच्या उंचीही बदलतात. म्हणूनच छपाईचे यंत्र आल्यानंतरही उर्दू वर्तमानपत्रे कित्येक दशके कातिबांच्या हातानेच लिहिली गेली. मिर्झा अहमद जमील यांच्या सुलेखनातून 'नूरी नस्तालीक' तयार झाले आणि १९८१ मध्ये ते लाहोरच्या 'जंग'मध्ये वापरात आले. त्यांचा मार्ग निराळा होता. नियमाने जोड घडवण्याऐवजी त्यांनी हजारो तयार जोड लिहून साठवले. प्रोग्रामिंगमध्ये हा पर्याय कायम समोर असतो : सगळी उत्तरे आधी लिहून ठेवायची की उत्तर काढण्याचा नियम लिहायचा. पहिल्यात देखणेपणा हातात राहतो, पण न लिहिलेला जोड आला की अडते. दुसऱ्यात कोणताही शब्द चालतो, पण नियम अचूक हवा.

देवनागरीचा तक्ता

आता मराठी. शब्दातल्या चिन्हांचे पाच गट करू : स्वर (अ, आ, इ...), व्यंजन, मात्रा (काना, वेलांटी, उकार वगैरे सगळी स्वरचिन्हे), पाय मोडण्याची खूण म्हणजे हलन्त, आणि बिंदू (अनुस्वार, विसर्ग, चंद्रबिंदू). अवस्थाही पाच. 'मोकळी', म्हणजे शब्द सुरू व्हायचा आहे. 'व्यंजन', म्हणजे नुकतेच व्यंजन आले आहे. 'मोडकी', म्हणजे व्यंजनाचा पाय मोडलेला आहे. 'भरलेली', म्हणजे मात्रा लागली किंवा स्वर आला. 'बंद', म्हणजे बिंदू पडला.

तक्ता असा होतो :

मोकळी : स्वर आला तर भरलेली, व्यंजन आले तर व्यंजन, मात्रा, हलन्त, बिंदू आले तर चूक.

व्यंजन : स्वर आला तर भरलेली, व्यंजन आले तर व्यंजन, मात्रा आली तर भरलेली, हलन्त आला तर मोडकी, बिंदू आला तर बंद.

मोडकी : व्यंजन आले तर व्यंजन, मात्रा, हलन्त, बिंदू आले तर चूक, स्वर आला तर?

भरलेली : स्वर आला तर भरलेली, व्यंजन आले तर व्यंजन, बिंदू आला तर बंद, मात्रा, हलन्त आले तर चूक.

बंद : स्वर आला तर भरलेली, व्यंजन आले तर व्यंजन, मात्रा, हलन्त, बिंदू आले तर चूक.

पाच गुणिले पाच, पंचवीस रकाने. त्यांपैकी १३ चालतात, ११ चूक आहेत आणि एकात प्रश्नचिन्ह आहे. 'कोल्हापूर' चालवून पाहा : क (व्यंजन), ओकाराची मात्रा (भरलेली), ल (व्यंजन), हलन्त (मोडकी), ह (व्यंजन), काना (भरलेली), प (व्यंजन), ऊकार (भरलेली), र (व्यंजन). नऊ चिन्हे, एकही चूक नाही. 'मां' लिहिताना घाईत आधी अनुस्वार आणि मग काना टाइप केला तर 'बंद' अवस्थेत मात्रा येते. तो चुकीचा रकाना आहे, म्हणून पडद्यावर ठिपक्यांचे वर्तुळ दिसते. ते वर्तुळ म्हणजे यंत्राने सांगितलेले "इथे काही बिघडले". पहिल्या वेलांटीची गंमतही मुलांना सांगा. 'कि' लिहिताना कागदावर वेलांटी क च्या आधी दिसते, पण युनिकोडमध्ये आधी क आणि मग वेलांटी साठवली जाते. डोळ्यांना दिसणारा क्रम आणि साठवणीचा क्रम वेगळा असू शकतो, हा धडा पुढे फार उपयोगी पडतो.

प्रश्नचिन्हाचा रकाना

मोडक्या अवस्थेत स्वर आला तर काय? शालेय मराठीचा विचार करणारा माणूस पटकन 'चूक' लिहील. पाय मोडल्यावर पुढे व्यंजनच यायला हवे, जोडाक्षर असेच होते. पण आपल्या घरातल्या पवित्र ग्रंथाचे नाव पाहा. ते 'कुरआन' असेही लिहितात आणि 'कुर्आन' असेही. दुसऱ्या लेखनात र चा पाय मोडला आहे आणि पुढे आ हा स्वर आहे. 'जुर्अत', 'मस्अला', 'अस्अद', 'मस्ऊद' या शब्दांचे आणि नावांचेही तेच. अरबीत जिथे हम्ज़ा किंवा ऐनने श्वास थबकतो, तिथे देवनागरीत ही जोडणी येते. त्या रकान्यात 'चूक' लिहिणारा प्रोग्राम शुद्धलेखनाचा नियमच पाळत असतो, पण अस्अद नावाच्या मुलाला तो सांगतो की तुझे नाव अवैध आहे.

तक्ता बनवणाऱ्याच्या मनात द्वेष असतो असे नाही. त्याच्या कानावर तो शब्द पडलेला नसतो, एवढेच. म्हणून रिकाम्या रकान्यापाशी थांबून दुसऱ्याला विचारणे हा मसुद्याचा खरा गाभा आहे. ज्यांना या फाँटचे नियम बनवायचे होते त्यांनी हा रकाना मोकळा सोडलेला नाही. आज बहुतेक ठिकाणी 'कुर्आन' नीट उमटते. कुठे आ वर रफार चढलेला दिसतो, कुठे र चा पाय मोडलेला.

हीच गोष्ट मराठीच्या वाट्यालाही आली आहे. 'ॲप', 'ॲड.' यांतला ॲ पूर्वी लोक अ टाइप करून त्यावर चंद्र देऊन लिहीत. आपल्या तक्त्यात 'भरलेली' अवस्थेत मात्रा म्हणजे चूक. यंत्र कधी ते मान्य करी, कधी ठिपक्यांचे वर्तुळ दाखवी. स्वतंत्र ॲ युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला. मराठी बोलणाऱ्यांना रोज लागणारे अक्षर इतक्या उशिरा आले, कारण मूळ तक्ता मांडताना तो रकाना कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हता.

आणखी एक मराठी बारकावा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. भुदरगडच्या मुलांना दोन्हींतला फरक सांगावा लागत नाही. पण दोन्हींत र, हलन्त आणि य. मग संगणकाने रफार कधी द्यायचा आणि आडवा अर्धा र कधी? यासाठी युनिकोडमध्ये ऱ हे वेगळे अक्षर वापरता येते. अवस्था तीच राहते, चिन्ह बदलते. नमुना अडला की एक तर अवस्था वाढवायची किंवा चिन्हांचे गट नव्याने पाडायचे. प्रोग्रामरचे अर्धे काम याच निवडीचे असते.

पुण्यात झालेले काम

हे सारे परदेशातून तयार होऊन आलेले नाही. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजे सी-डॅक सुरू झाले. महासंगणक 'परम'मुळे त्याचे नाव सर्वांना माहीत आहे. त्याच संस्थेत भारतीय लिप्यांसाठीचे 'जिस्ट' तंत्रज्ञानही वाढले. त्याची सुरुवात आयआयटी कानपूरमध्ये झाली होती. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' हे मानक स्वीकारले. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला एकाच साच्याची आहे, म्हणून त्यांच्यासाठी संकेतांचा तक्ताही एकच ठेवायचा, असा त्यातला विचार. इनस्क्रिप्ट कळफलक त्याच विचारातून आला : डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजने. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या रूपावरून घेतलेली आहे. उर्दूची लिपी या साच्यात बसणारी नव्हती. तिचे हर्फ हात धरतात, आपली अक्षरे एकमेकांवर चढतात. तिच्यासाठी वेगळा तक्ता करावा लागला.

गणिती पायऱ्यांना जो 'अल्गोरिदम' शब्द आहे, तो नवव्या शतकात बगदादच्या बैतुल हिकमामध्ये काम करणारे अल्-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला, हे मुलांना आवर्जून सांगावे. अभिमानासाठी सांगायला हरकत नाही. पण त्याहून महत्त्वाचे हे की त्यांनी समीकरणांचे प्रकार पाडून प्रत्येक प्रकाराची रीत वेगळी लिहिली. प्रकार पाडणे आणि एकही प्रकार न सोडणे, तेच आपण इथे करतो आहोत.

नावांचा प्रश्न

इथे गोष्ट थेट आपल्या कुटुंबांपर्यंत येते. शाळेचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचे खाते, सगळीकडे नाव जुळावे लागते. माणसाला दोन नावे सारखी दिसतात, पण यंत्र अक्षरे पाहत नाही, त्यांचे संकेत पाहते.

'ज़ैनब' घ्या. नुक्त्याचा ज़ दोन प्रकारे साठवता येतो : एकच तयार चिन्ह म्हणून, किंवा ज आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच. एका यादीत पहिला आणि दुसऱ्या यादीत दुसरा असेल तर शोधल्यावर "नोंद नाही" असे उत्तर येऊ शकते. उर्दूतही तसेच. अरबी कळफलकावरचे काफ आणि ये वेगळे, उर्दूचे वेगळे. शब्दाच्या मध्ये ते जवळपास सारखे दिसतात, पण संकेत निराळे. युनिकोडने यांतल्या पहिल्या अडचणीसाठी 'नॉर्मलायझेशन' नावाची रीत ठरवून दिली आहे : तुलना करण्याआधी दोन्ही नावे एकाच रूपात आणायची. ज़ च्या दोन्ही प्रकारांचे त्यात ज आणि नुक्ता असे एकच रूप होते. काफ आणि ये यांचे मात्र या रीतीने एकीकरण होत नाही, तो नियम प्रोग्रामरला स्वतः लिहावा लागतो. मसुद्यात "नाव जुळले तर" एवढेच लिहिलेले असेल आणि 'जुळणे' म्हणजे काय हे लिहिलेले नसेल, तर हे कोणालाच आठवत नाही.

पालकांनी करण्यासारख्या काही साध्या गोष्टी आहेत :

मुलाचे नाव मराठी, उर्दू आणि इंग्रजीत कसे लिहायचे ते जन्मदाखल्याच्या वेळीच ठरवा. नुक्ता द्यायचा की नाही, 'मस्ऊद' की 'मसूद', 'फातिमा' की 'फातेमा', हे कागदावर लिहून घरात ठेवा आणि प्रत्येक अर्जात तेच द्या.

नेट कॅफेत अर्ज भरताना छापील प्रत घेण्याआधी नाव अक्षर-अक्षर वाचा. ठिपक्यांचे वर्तुळ दिसले तर तिथेच थांबवा.

जुन्या फाँटमध्ये किंवा जुन्या इनपेजमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर गेल्यावर निरर्थक होऊ शकतो, कारण त्याचे संकेत युनिकोडचे नसतात. जपून ठेवायचा मजकूर युनिकोडमध्येच करून घ्या.

अर्ज "अवैध अक्षर" म्हणून परत आला तर मुलासमोर नावाला दोष देऊ नका. दोष बहुतेक वेळा एखाद्या न भरलेल्या रकान्याचा असतो, आणि तो भरता येतो.

प्रोग्राम कसा होतो

तक्ता तयार असेल तर प्रोग्राम लहान राहतो. मराठीत लिहिला तर असा :

अवस्था = मोकळी
शब्दातले एकेक चिन्ह घ्या :
– चिन्हाचा गट ओळखा
– तक्त्यात (अवस्था, गट) हा रकाना पाहा
– रकान्यात 'चूक' असेल तर कितव्या चिन्हावर चूक आहे ते सांगा आणि थांबा
– रकान्यात 'विचारा' असेल तर शब्द माणसाकडे पाठवा आणि थांबा
– नाहीतर अवस्था = रकान्यात लिहिलेली अवस्था
शब्द संपला की शेवटची अवस्था चालणारी आहे का ते पाहा

हे पायथॉनमध्ये वीस-तीस ओळींत बसते आणि नववीतले मूल ते लिहू शकते. करताना चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तक्ता आणि तो चालवणारा भाग वेगळे ठेवा, म्हणजे नियम बदलला तर फक्त तक्ता बदलेल. चूक सापडली की नुसते "चूक" म्हणू नका, कितव्या जागी ते सांगा. शेवटच्या अवस्थेचा निर्णय विसरू नका : 'अर्थात्' मोडक्या अवस्थेत संपतो, तो चालवायचा का? आणि प्रत्येक रकान्यासाठी किमान एक शब्द तपासणीला घ्या. पंचवीस रकाने, पंचवीस शब्द. ते शब्द गोळा करताना आजीला, शेजाऱ्यांना, दुसऱ्या धर्माच्या मित्रालाही विचारा. त्यांच्या नावांतून असा शब्द निघेल जो तुम्हाला सुचला नसता.

वरच्या तक्त्यात मी 'विचारा' हे तिसरे उत्तर मुद्दाम घातले आहे. हो आणि नाही यांच्या मध्ये माणसासाठी जागा ठेवणे हाही मसुद्याचाच भाग आहे. बेरीज-वजाबाकीत त्याची गरज नसते. माणसांच्या नावांत नेहमी असते.

घरी करून पाहा

मुलांसाठी तीन स्वाध्याय देते. पहिला : आपल्या तक्त्यात नुक्ता कुठेच नाही. त्याचा सहावा गट करा आणि पाच नवे रकाने भरा. नुक्ता व्यंजनानंतर आला तर अवस्था कोणती राहील? मात्रेनंतर आला तर? दुसरा : घरातल्या सगळ्यांची नावे उर्दूत लिहा आणि प्रत्येक हर्फाखाली त्याचे रूप लिहा : एकटे, सुरुवातीचे, मधले की शेवटचे. तिसरा : घरच्या पाण्याच्या टाकीचा नमुना मांडा. टाकी रिकामी, अर्धी आणि भरलेली या अवस्था. पाणी आले, पाणी गेले, मोटार लावली, वीज गेली या घटना. बारा रकाने होतील. वीज गेली आणि मोटार चालू राहिली हे लक्षात कोणाला ठेवायचे आहे, हा प्रश्न मुलाला आपोआप पडेल, आणि मग त्याला कळेल की मोटारीचीही अवस्था मोजायला हवी होती.

यासाठी क्लास लागत नाही, फी लागत नाही. गारगोटी हे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांच्या मौनी विद्यापीठाचे गाव. शिक्षण गावातल्या जगण्याला जोडलेले असावे हा विचार इथे फार पूर्वी रुजला. क्लासला जरूर घाला, परवडत असेल तर लॅपटॉपही घ्या. पण त्याआधी मुलाला एक तक्ता आखून द्या आणि रिकाम्या रकान्यात काय लिहायचे ते ठरवायला त्याला घरातल्या चार माणसांना विचारायला लावा. उद्या हेच मूल एखाद्या अर्जाचे सॉफ्टवेअर लिहायला बसेल, तेव्हा अस्अद, ज़ैनब आणि 'दऱ्या' लिहिणारे मराठी मूल या सगळ्यांसाठी त्याच्या तक्त्यात जागा असेल.